डिलनचं भलतं बोलणं आणि ट्रॅक्टरचं कर्ज

१३ जुलै १९८५ ला फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर अमेरिकन गायक बॉब डिलन गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला आणि मध्येच भलतंच बोलून गेला. कार्यक्रम ‘लाइव्ह एड’चा होता. इथिओपियात दुष्काळानं माणसं मरत होती. त्यांच्यासाठी लंडन आणि फिलाडेल्फिया अशा दोन शहरांत एकाच दिवशी गाणं-बजावणं चाललं होतं, जगभरातून देणग्या येत होत्या. आणि डिलन म्हणाला की, यातले थोडे पैसे, दहा-वीस लाख डॉलर, बाजूला काढून अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची बँकेकडे गहाण पडलेली शेतं सोडवता आली तर बरं होईल.

आयोजक बॉब गेल्डॉफ भडकला. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. उपाशी पोरांसाठी झोळी फिरवायची आणि त्यात मध्येच कुणी जमीन गहाण पडलेल्याचा वाटा मागायचा, हे आपल्याकडेही कुणाला रुचलं नसतं. तरी हा किस्सा वाचला तेव्हा मला डिलनच जवळचा वाटला. कारण माझी नोकरी. परभणी-हिंगोली भागातल्या ग्रामीण शाखांमध्ये पीककर्जाची खाती सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. इंग्रजी गाण्यांचं वेड कुठून लागलं म्हणाल, तर औरंगाबादला होस्टेलवर शेजारच्या खोलीत एकाकडे टेप होता आणि त्याच्या मामाचं मुंबईला जाणं-येणं होतं. एवढं पुरे.

डिलनच्या त्या वाक्याचं पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं. विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलेनकॅम्प या गायकांनी ते वाक्य मनावर घेतलं आणि २२ सप्टेंबर १९८५ ला, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावी ‘फार्म एड’ भरवलं. अमेरिकेच्या त्या काळातल्या शेतकऱ्याची कहाणी ऐकली की नावं तेवढी परकी वाटतात. सत्तरच्या दशकात मालाला भाव होता, सरकार म्हणत होतं पेरा, बँक म्हणत होती घ्या, जमिनीच्या किमती चढत होत्या. ऐंशी उजाडलं तसे व्याजदर भडकले, मालाचे भाव पडले, जमिनीची किंमत कर्जाच्या खाली गेली आणि लिलाव सुरू झाले. नेल्सन आणि मेलेनकॅम्प नुसते गाऊन थांबले नाहीत. शेतकऱ्यांना घेऊन ते वॉशिंग्टनला गेले, १९८७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे बोलले. त्याच वर्षी तिथल्या संसदेनं शेतीकर्जाचा नवा कायदा मंजूर केला. लिलाव करण्यापेक्षा कर्जाचं पुनर्गठन स्वस्तात पडत असेल तर आधी पुनर्गठन करा, असं त्यानं सावकारी करणाऱ्या संस्थांना बजावलं. सगळं श्रेय गाणाऱ्यांचं नव्हे. शेतकरी संघटना आधीपासून रस्त्यावर होत्या. पण समितीपुढे बोलायला कर्जदार स्वतः हजर होता, हे माझ्या लेखी मोठं आहे. फार्म एड अजून चालू आहे.

लाइव्ह एडमध्ये लंडनच्या मंचावर यू-टू नावाच्या आयरिश बँडचा गायक होता, पंचवीस वर्षांचा. बोनो. कार्यक्रम संपल्यावर तो आणि त्याची बायको अली इथिओपियाच्या वोलो भागातल्या एका अन्नछावणीत राहून काम करून आले. तिथे त्यांनी मुलांसाठी आरोग्याची माहिती देणारी गाणी आणि छोटी नाटकं बसवली; आपल्याकडे साक्षरतेच्या काळात कलापथकं करायची तसंच काहीसं. पुढे गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणणाऱ्या ‘जुबिली २०००’ या मोहिमेतल्या माणसांनी त्याच्यापुढे एक साधा हिशेब मांडला. लाइव्ह एडमध्ये जगानं मोठ्या मनानं जेवढं दिलं, तेवढे पैसे आफ्रिकेतले देश कर्जफेडीपोटी काही दिवसांतच परत पाठवत होते. बोनो नंतर ही गोष्ट अनेक ठिकाणी सांगत राहिला.

बँकेत काम केलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. मार्च आला की आम्ही आणि सोसायटीचा गटसचिव एकाच कामाला जुंपलेलो असायचो. नवं-जुनं. जुनं पीककर्ज व्याजासकट भरून घ्यायचं आणि चार दिवसांनी तेवढंच, किंवा जरा वाढवून, नवं वाटायचं. मधल्या चार दिवसांपुरते पैसे शेतकऱ्यानं कुठून तरी आणायचे. कुणी आडत्याकडून, कुणी मेव्हण्याकडून, कुणी शेकड्याला पाच घेणाऱ्याकडून. ताळेबंदात वसुली झकास. वरून अभिनंदनाचं पत्र. कर्ज मात्र जागच्या जागी, उलट थोडं जाडच झालेलं.

आफ्रिकेचं नवं-जुनं असंच चाललं होतं, फक्त शून्यं जास्त. झांबियाचंच घ्या. तांब्यावर जगणारा देश. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तांब्याचा भाव कोसळला. भाव परत येईल या आशेवर कर्ज काढलं, भाव काही आला नाही, व्याज चढलं. मग जुनं फेडायला नवं, आणि नवं मिळावं म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी. अटी पाळायच्या तर खर्च कापायचा, आणि खर्च म्हणजे शाळा आणि दवाखाने.

जुबिलीवाल्यांनी याला बायबलमधला आधार शोधला: दर पन्नासाव्या वर्षी कर्जं माफ करावीत, गुलाम सोडावेत. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांच्या पुढाऱ्यांची बैठक होती, तिथे सुमारे ७०,००० माणसांनी हात धरून साखळी केली. पुढच्या वर्षी कोलोनच्या बैठकीत कोट्यवधी सह्या पोचवल्या, तेव्हा बोनो, गेल्डॉफ आणि रेडिओहेड बँडचा थॉम यॉर्क हजर होते. चर्चमधल्या आजीबाई, विद्यार्थी, कामगार संघटना यांनी वर्षानुवर्षं खपून उभं केलेलं काम आणि फोटोत गायक! हे खुपतं. पण फोटो गायकाचा निघाला म्हणूनच पुढची दारं उघडली, हेही नाकारता येत नाही.

त्यातलं एक दार जेसी हेल्म्सचं. उत्तर कॅरोलिनाचा सिनेटर, कडवा उजवा, परदेशी मदत म्हणजे उंदराच्या बिळात ओतलेला पैसा असं म्हणणारा. २००० साली बोनो त्याच्याकडे गेला, गॉगल लावून. (तो गॉगल सततचा का, याची लोक टिंगल करत, पुढे २०१४ मध्ये कळलं की त्याला काचबिंदू आहे.) तिथे त्यानं आकडे नव्हे, बायबलमधली वचनं काढली. म्हातारा विरघळला. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेनं कर्जमाफीसाठी ४३.५ कोटी डॉलर मंजूर केले. ज्याच्या हातात चोपडी आहे त्याच्याशी त्याच्याच देवाच्या भाषेत बोलायचं, ही अक्कल आमच्या वसुली अधिकाऱ्यांना होती. फरक एवढाच की ते ती उलट्या कामासाठी वापरत.

२००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनइगल्सला झालेल्या याच श्रीमंत देशांच्या बैठकीत आणखी मोठा निर्णय झाला. सुरुवातीला अठरा देशांचं मिळून सुमारे ४० अब्ज डॉलरचं कर्ज माफ. झांबियाचा बोजा सुमारे सात अब्ज डॉलरवरून एका अब्जाच्या खाली आला, आणि एप्रिल २००६ पासून तिथल्या सरकारनं खेड्यांतल्या दवाखान्यांची फी बंद केली. ज्या बाईनं केसपेपरला पैसे नाहीत म्हणून तापानं फणफणलेलं लेकरू घरीच ठेवलं असतं, ती आता दवाखान्यात जाऊ शकत होती. गाणाऱ्यांच्या या सगळ्या उद्योगाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही ठेवणार आहे. पण हा दवाखाना आधी मोजायचा आणि मगच बोलायचं.

आता निकषांचं बोलू. माफी म्हटलं की निकष आलेच. झांबियाची माफी मध्यंतरी अडकली, कारण सरकारी पगारावरचा खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला. वर्गात पोरं खच्चून भरलेली, शिकलेले शिक्षक घरी बसलेले, आणि नेमणूक केली तर माफी जाते. हे वाचताना मला आमच्या शाखेचा नोटीस बोर्ड आठवतो. २००८ ची केंद्राची कर्जमाफी. याद्या बोर्डावर लावायच्या होत्या. पाच एकरांच्या आत असलेल्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ. त्यावर जमीन असेल तर पाऊण रक्कम भरा, मग पाव माफ. बागायती भागात पाच एकर म्हणजे बरा शेतकरी. आमच्याकडे माळावर सात एकर खडक असलेला माणूस कागदोपत्री ‘मोठा’ ठरला. बोर्डापुढे बोटानं नावं वाचत एक जण मला म्हणाला होता, “कामून ओ साहेब, दगडाचे बी एकर मोजतेत व्हय?” मी काय सांगणार? परिपत्रकात दगडाचा उल्लेख नव्हता. ज्यानं बायकोचे दागिने मोडून वेळेवर हप्ता भरला होता, त्यालाही त्या यादीत जागा नव्हती. आणि सावकाराचं कर्ज तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

सावकारावरून झांबियाच्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगायलाच हवी. १९७९ मध्ये झांबियानं रुमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं उधारीवर घेतली, सुमारे दीड कोटी डॉलरची. हप्ते थकले. १९९९ मध्ये रुमानिया आणि झांबिया तडजोडीचं बोलत असताना डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या एका कंपनीनं ते जुनं येणं रुमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं. मग व्याज-दंड लावून साडेपाच कोटी डॉलरचा दावा ठोकला. २००७ मध्ये लंडनच्या कोर्टानं दीड कोटीहून जास्त रक्कम तिच्या पदरात टाकली. म्हणजे एकीकडे जग माफी देतंय, दवाखान्याची फी बंद होतेय, आणि माफीतून मोकळे झालेले पैसे एका खाजगी सावकाराच्या घशात. अशा कंपन्यांना तिकडे गिधाडं म्हणतात. ब्रिटननं २०१० मध्ये कायदा करून आपल्या कोर्टांपुरतं त्यांना आवरलं. ट्रॅक्टरच्या थकीत कर्जाच्या फायली मी खूप हाताळल्या आहेत. वसुलीला गेलं की ट्रॅक्टर असतो पाहुण्याच्या गावी आणि मालक असतो देवाला. पण मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं येणं कुणी मुद्दाम विकत घ्यावं आणि वीस-पंचवीस वर्षांनी देशाच्या दारात उभं राहावं, हे आमच्याही ऐकण्यात नव्हतं.

आणि झांबिया पुन्हा थकला. २०१२ पासून त्यानं बाजारात रोखे विकून कर्ज घेतलं, चीनकडून घेतलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला. या वेळी सावकार एका टेबलावर मावणारे नव्हते. पन्नास ठिकाणी विखुरलेल्या रोखेधारकांपुढे कुठल्या गायकानं कुठलं वचन म्हणायचं?

तुकाराम बीज फाल्गुनात येते, म्हणजे नेमकी आमच्या वसुलीच्या तोंडावर. एका गावात शाखेजवळच्या मंदिरात कीर्तन होतं, मलाही पुढे बसवलेलं. बुवांनी दुष्काळाचा प्रसंग लावला. घर महाजनाचं, लोकांकडे येणं पसरलेलं, दुष्काळात माणसं मेलेली. तुकोबांनी कर्जाची खतं काढली, निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हातात ठेवली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. टाळ-मृदंगाचा गजर झाला आणि सगळा मंडप माझ्याकडे बघून हसायला लागला. मीही हसलो, करणार काय. पण त्या कथेतला कान्होबाचा वाटा मला तेव्हापासून विसरता येत नाही. तुकोबांनी भावाची खतं बुडवली नाहीत. दुसऱ्याच्या चोपडीवर उदार होणं त्यांना जमलं नसतं.

बोनोचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चोपड्यांवर गेलं. त्याच्याकडे आफ्रिकेचं काही येणं नव्हतंच, तेव्हा यात तसं चूक काही नाही. पण २००६ मध्ये आयर्लंडनं कलावंतांच्या करमाफीला मर्यादा घातली आणि यू-टूनं आपल्या गाण्यांच्या हक्कांचा व्यवसाय नेदरलँड्समध्ये हलवला, कर कमी लागतो म्हणून. कायद्यात बसणारं होतं. बोनोनं त्याचं समर्थनही केलं. मला ते पटलेलं नाही. सरकारांनी तिजोरीतून गरीब देशांची कर्जं सोडावीत म्हणून ओरडायचं आणि त्या तिजोरीत भरायची आपली पावती मात्र दुसऱ्या देशात फाडायची. स्वतःच्या वाट्याच्या कागदाला हात लावायची वेळ आली तेव्हा हा माणूस हिशेबी निघाला. तरीही झांबियातला दवाखाना खोटा ठरत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर लिहाव्या लागतात, याची चिडचिड होते.

याहून जास्त खटकतो तो मंच. २ जुलै २००५ ला ग्लेनइगल्सच्या तोंडावर ‘लाइव्ह ८’ झालं. लंडनच्या हाइड पार्कात मोठमोठे बँड. पण ज्यांच्या कर्जाविषयी गाणं चाललं होतं, त्या आफ्रिकेचे कलावंत बव्हंशी दूर कॉर्नवॉलला, ईडन प्रोजेक्टच्या वेगळ्या कार्यक्रमात. टीका झाली तेव्हा सांगितलं गेलं की जगभरचे लोक टीव्हीपुढून उठू नयेत तर मोठीच नावं लागतात. सेनेगलचा युसू एन्दूर त्या एका दिवसात लंडन, कॉर्नवॉल आणि पॅरिस अशा तिन्ही ठिकाणी गायला. एका माणसानं किती ठिकाणी खंडाची जागा भरून काढायची! पुढे तो आपल्या देशात मंत्री झाला.

आपल्याकडे हे काम कधीकाळी वेगळ्या हातांत होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर अण्णा भाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. इप्टा या डाव्या नाट्यसंघटनेची बंगाली पथकं मुंबईपर्यंत गात फिरली, पैसे गोळा केले. वाटेगावातून पायी मुंबईला आलेल्या, गिरणीत राबलेल्या माणसानं बंगालच्या भुकेवर गायचं, यात उपकाराचा वास नव्हता. भूक त्याच्या ओळखीची होती.

आताचे आपले सेलिब्रिटी बहुतेक नट आहेत. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले, त्यातून ‘नाम’ फाउंडेशन उभं राहिलं. २०१६ मध्ये आमिर खानच्या पाणी फाउंडेशननं वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या तीन तालुक्यांत आपलं अंबाजोगाई होतं, आणि पुढे अजय-अतुलच्या गाण्यावर गावंच्या गावं कुदळ-फावडं घेऊन निघाली. अमिताभ बच्चनांनी २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या १,३९८ शेतकऱ्यांचं सुमारे चार कोटींचं कर्ज बँकेशी एकरकमी तडजोड करून भरलं. यात कुणाला नावं ठेवावीत असं काही नाही. बँकवाल्याच्या नजरेनं सांगायचं तर बच्चनांनी आमचीच थकबाकी मिटवली; शेतकरी सुटला आणि शाखेचा ताळेबंदही सुधारला. पण हे कर्ज या भावानं, या हवामानात, या जमिनीवर फिटण्यासारखं होतं का, हा प्रश्न यांतल्या कुणी मोठ्यानं विचारल्याचं माझ्या कानावर नाही. नेल्सन आणि मेलेनकॅम्प तो प्रश्न घेऊन सिनेटच्या समितीपुढे बसले होते.

शिवाय आपल्याकडचं सगळ्यात चिवट कर्ज बँकेत नाहीच. धारूर तालुक्यात माझा एक मित्र शिक्षक आहे. दसरा-दिवाळी झाली की त्याच्या वर्गातली अर्धी पोरं आईबापांबरोबर साखर कारखान्यांवर जातात, पार पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोचा एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. ती ऊस तोडून फेडायची. हंगाम लवकर आटोपला, बाई आजारी पडली, की फिटत नाही. राहिलेली बाकी पुढच्या सालावर. या नवं-जुन्याला सातबारा लागत नाही, परिपत्रक लागत नाही. कोणत्याही कर्जमाफीच्या यादीत मुकादमाची डायरी आलेली मी पाहिली नाही.

मध्यंतरी त्या शिक्षक मित्राकडे गेलो होतो, तेव्हा बोनोनं त्या सिनेटरला कसं वळवलं ते सांगत बसलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“चांगलंय,” तो म्हणाला. “पर हितं कोणाला वळवावं? मुकादमाला? तेनं सोता कारखान्याकडून उचल घेतलेली हाय. लोकं पळाले तर त्याचीच जमीन जाती. अन् कारखान्याला इचारलं तर त्यो म्हणतो, आमचा करार मुकादमाशी, मजूर आमचे न्हाईतच.”

“मग निदान गाणारं तरी कुणी पाहिजे की, इथलं.”

“गाणारे लई हायेत,” तो म्हणाला. “पर ते आता मार्चपस्तोर फडात असतेत.”